शेतीच्या विजेला दुतर्फा दार हवे

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील घणसोली गाव आज नवी मुंबईच्या वस्तीत मिसळून गेले आहे. सिडको या महामंडळाची स्थापना १९७० च्या मार्च महिन्यात झाली, आणि नव्या शहरासाठी ज्या गावांच्या जमिनी संपादन करण्यात आल्या त्यांत हेही गाव होते. त्यापूर्वी खाडीकाठच्या या पट्ट्यात खारजमिनीवरील भात, मासेमारी आणि मीठ ही आगरी व कोळी समाजाच्या उपजीविकेची साधने होती. भरतीचे खारे पाणी भातखाचरांत शिरू नये म्हणून खाडीकडेने बांध घालीत आणि त्या बांधात उघाडी बसवीत. ओहोटी लागली की आतील पावसाच्या पाण्याच्या जोराने उघाडीची झडप बाहेर ढकलली जाई व पाणी वाहून जाई. भरती आली की खाडीच्याच पाण्याच्या रेट्याने ती बंद होई. उघाडीजवळ माणूस उभा राहण्याची आवश्यकता नसे. परंतु पाणी एकाच दिशेने जाई. मिठागराचे दार निराळे असे. उधाणाचे पाणी आत केव्हा घ्यावयाचे, किती घ्यावयाचे आणि केव्हा सोडून द्यावयाचे हे मिठागरावरील माणूस ठरवी. ते दार दोन्ही दिशांचे होते, पण त्यासाठी राखणदार व शहाणपण दोन्हीही लागत.

या दोन दारांतील भेद ध्यानी घेतला म्हणजे विद्युत अभियांत्रिकीतील एक महत्त्वाचा प्रश्न शेतकरी बंधूंना सहज उमगेल. विजेचे रूप व दाब बदलून देणाऱ्या साधनाला वीजपरिवर्तक म्हणतात. बहुतेक परिवर्तक उघाडीसारखे एकतर्फी असतात. जो परिवर्तक मिठागराच्या दाराप्रमाणे वीज दोन्ही दिशांनी आणि हव्या त्या प्रमाणात नेऊ शकतो तो दुतर्फा परिवर्तक होय. कारखान्यांतून त्याला बायडायरेक्शनल कन्व्हर्टर या नावाने ओळखतात. सौर पंप, विद्युत घटमाला आणि विजेवर चालणारी अवजारे शेतावर येऊ लागली असल्याने हा विषय आता केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. शासकीय योजनांतून शेतावर कोणता परिवर्तक यावा आणि त्याची परीक्षा कशी घ्यावी, याचा निर्णय आज योग्य रीतीने झाला नाही, तर पुढील पंधरा-वीस वर्षे त्याची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागेल.

घणसोली स्थानकावरील धडा

या साधनाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण पाहण्यास फार दूर जावयास नको. ठाणे ते वाशी हा ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्ग २००४ साली सुरू झाला आणि घणसोली हे त्यावरील एक स्थानक आहे. मुंबईत विजेवरील पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली, ती १५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश विजेवर. हीच पद्धत मुंबईच्या उपनगरी मार्गांवर नव्वद वर्षे टिकली. पुढे २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचा अवलंब करण्याचे ठरले. परंतु सारे मार्ग एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. पश्चिम रेल्वेवरील काम २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील २०१५ साली आणि हार्बर मार्गावरील एप्रिल २०१६ मध्ये पुरे झाले. मधल्या काळात दोन्ही प्रकारच्या विजेवर चालू शकेल अशा गाडीची गरज होती. अशी नवी गाडी नोव्हेंबर २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर प्रथम धावू लागली.

या गाडीतील परिवर्तकापुढील काम किती अवघड होते हे आकड्यांवरून दिसते. नावाने १५०० व्होल्टची असलेली तार प्रत्यक्षात १,००० ते १,८०० व्होल्ट, आणि नावाने २५,००० व्होल्टची असलेली तार १९,००० ते २७,५०० व्होल्ट या मर्यादांत वरखाली होऊ शकते, असे आंतरराष्ट्रीय मानकांत गृहीत धरलेले आहे. प्रत्यावर्ती विजेवर चालताना आधी रोहित्र दाब उतरविते आणि मग परिवर्तक त्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो. एकदिश तारेखाली रोहित्र वगळून वीज सरळ आत घेतली जाते. दोन्ही वाटा मधल्या एकदिश दुव्यापाशी एकत्र येतात, व तेथून दुसरा परिवर्तक चाकांच्या मोटरींना लागेल तशी वीज पुरवितो.

गाडी स्थानकात शिरताना वेग कमी करते, तेव्हा याच साखळीतील प्रवाह उलटा फिरतो. चाके मोटरींना फिरवू लागतात, मोटरी जनित्राचे काम करतात आणि निर्माण झालेली वीज परिवर्तकांतून मागे तारेत जाऊन दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. जुन्या गाड्यांत ही सारी गतिशक्ती ब्रेकच्या ठोकळ्यांत घासून तिची केवळ उष्णता होत असे. नव्या व्यवस्थेने सुमारे ३० ते ३५ टक्के विजेची बचत होते, असे रेल्वेचे सांगणे आहे. दर दोन-तीन किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा लाभ लहान नव्हे.

या उदाहरणातील आणखी एक गोष्ट शेतीच्या दृष्टीने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. गाडीतील परिवर्तक दुतर्फा असला तरी १५०० व्होल्टच्या मार्गावर त्याचा पूर्ण लाभ मिळत नसे. त्या मार्गाच्या उपकेंद्रांतील एकदिशकारक उघाडीसारखे एकतर्फी असत. त्यांतून वीज तारेकडे येई, पण मागे जाऊ शकत नसे. जवळपास वीज घेणारी दुसरी गाडी असली तर ठीक. नसली तर तारेचा दाब वाढू लागे आणि जादा वीज गाडीतच रोधकावर जाळावी लागे. प्रत्यावर्ती पद्धतीत उपकेंद्रातील रोहित्र स्वभावतःच दोन्ही दिशांना वीज जाऊ देते, म्हणून ही अडचण बरीचशी दूर झाली. सारांश, साखळीतील एक कडी जरी एकतर्फी राहिली तरी बाकीच्या दुतर्फा कड्यांवरील खर्च वाया जातो.

मोठी शक्ती, मोठा दाब

शक्ती कितीही मोठी असली तरी वीज दोन्ही दिशांनी नेता येते, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूरहून कल्याणजवळील पडघे येथे येणारी एकदिश वीजवाहिनी सुमारे ७५० किलोमीटर लांबीची असून १,५०० मेगावॉट वीज अधिक-उणे ५,००,००० व्होल्ट दाबाने वाहून नेण्याची तिची क्षमता आहे. ती १९९९ च्या सुमारास कार्यान्वित झाली. तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टर नावाच्या अर्धसंवाहक झडपांचे परिवर्तक आहेत. थायरिस्टरमधून प्रवाह एकाच दिशेने वाहतो; तरीही अशा वाहिनीत शक्तीची दिशा पालटता येते, कारण प्रवाह तसाच ठेवून दाबाचे धन व ऋण टोक उलटे करता येते. अशा पद्धतीच्या परिवर्तक केंद्रात सामान्यतः पाऊण टक्क्याच्या आसपासच वीज खर्ची पडते.

मग लहान परिवर्तकात पाच-दहा टक्के वीज का वाया जावी, असा प्रश्न कोणासही पडेल. याचे एक कारण असे की, त्या मोठ्या वाहिनीचा दाब जवळजवळ स्थिर असतो आणि तिचा परिवर्तक त्या एकाच दाबासाठी बेतलेला असतो. शेतावरील परिस्थिती याच्या अगदी उलट आहे.

दाब बदलला की अडचण कोठे येते

परिवर्तकात वीज दोन मार्गांनी वाया जाते. कळ मिटलेली असताना तिच्यातून प्रवाह वाहतो तेव्हा काही वीज तापण्यात जाते. आणि कळ उघडताना व मिटताना प्रत्येक वेळी थोडी वीज नष्ट होते. आधुनिक परिवर्तकातील कळा एका सेकंदात हजारो वेळा, कधी लाखभर वेळाही उघडझाप करतात. त्यामुळे ही थोडी-थोडी वीज मिळून मोठा तोटा होतो. यावर उपाय म्हणजे कळेच्या दोन्ही बाजूंचा दाब समान असेल नेमक्या त्या क्षणी ती मिटविणे. बांधाच्या दाराच्या दोन्ही अंगांना पाण्याची पातळी सारखी झाली की दार एका हाताने उघडते आणि फळीला धक्का बसत नाही; तोच हा प्रकार होय.

या तत्त्वावरील एक नामांकित रचना अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डी डोंकर, दिवाण आणि खेरालूवाला या संशोधकांनी विकसित केली व १९९१ साली प्रसिद्ध केली. तीत एका लहान रोहित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार कळांचा एकेक संच असतो. दोन्ही संच एकाच गतीने उघडझाप करतात. मात्र ज्या बाजूचा संच किंचित आधी चालेल त्या बाजूकडून दुसरीकडे वीज जाते. आघाडीचा संच मागे आणि मागचा पुढे केला की विजेची दिशा पालटते. यंत्राचा एकही भाग बदलावा लागत नाही. दुतर्फा परिवर्तकाची इतकी सुटसुटीत रचना क्वचितच आढळेल.

परंतु या रचनेलाही एक अट आहे. रोहित्राच्या वेढ्यांचे जे गुणोत्तर असेल त्याच गुणोत्तरात दोन्ही बाजूंचे दाब असले, तर ती उत्तम चालते. एका बाजूचा दाब बराच खाली किंवा वर गेला की पातळी सारखी होण्याचा तो अचूक क्षण हातून निसटतो. शिवाय काही प्रवाह काहीही काम न करता रोहित्रात नुसता येरझारा घालू लागतो. पाटाचे पाणी वाफ्यात न जाता पाटातच मागेपुढे हेलकावत राहावे, तसे हे घडते. भार कमी असताना हा दोष अधिक जाणवतो. म्हणून ज्या परिवर्तकाच्या पाटीवर ९७ टक्के कार्यक्षमता लिहिलेली असते, तोच दाबाच्या टोकाला व अल्प भाराला ९० टक्क्यांवर येऊ शकतो, किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. पाटीवरील आकडा खोटा नसतो. तो केवळ उत्तम घटकेचा असतो.

यावर अभियंत्यांनी अनेक उपाय योजले आहेत. पहिला, काम दोन टप्प्यांत वाटणे: आधीचा टप्पा बदलता दाब एका ठरावीक पातळीवर आणतो, आणि पुढचा टप्पा स्थिर दाबावर सुखाने चालतो, यात साहित्य वाढते व वीज दोन ठिकाणी खर्ची पडते. दुसरा, कळांच्या उघडझापीची वेळ एकाऐवजी तीन प्रकारे जुळवून येरझारा घालणारा प्रवाह आटोक्यात ठेवणे; यात साहित्य वाढत नाही, पण नियंत्रणाची आज्ञावली अवघड होते. तिसरा, वेटोळी व धारित्रे यांची अनुनादी जोडणी करून उघडझापीची गती दाबाप्रमाणे कमी-अधिक करणे. चौथा, बैलगाडीच्या जागी गिअरचे वाहन आणावे त्याप्रमाणे, दाबाचा पल्ला फार बदलला की रोहित्राची किंवा कळांची जोडणीच बदलणे. पाचवा, एका मोठ्या परिवर्तकाऐवजी चार लहान परिवर्तक शेजारी-शेजारी बसवून भार कमी असेल तेव्हा त्यांतील दोन-तीन बंद ठेवणे. जेवढे काम तेवढेच बैल जुंपावेत, ही शेतकऱ्याची जुनीच रीत येथे उपयोगी पडते.

कळांच्या धातुद्रव्यातही सुधारणा झाली आहे. सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइड वापरले असता तेवढ्याच जाडीचा थर सुमारे दसपट विद्युत ताण सोसतो, उघडझाप जलद होते व उष्णता कमी निर्माण होते. जपानमध्ये १ जुलै २०२० रोजी सुरू झालेल्या एन-७००-एस या शिंकान्सेन गाडीत अशा कळा आहेत. त्या महाग आहेत हे खरे. परंतु केवळ महाग कळ बसविल्याने वाईट आखणी सुधारत नाही. दाबाचा पल्ला कोणता, त्यात कोणत्या दाबावर किती तास काम होणार, आणि वीज कोणत्या दिशेने अधिक जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवून मग गुणोत्तर ठरविणारा आखणीकार साध्या कळांतूनही चांगले काम करून दाखवितो.

शेतावरील स्थिती

आता शेताकडे वळू. प्रधानमंत्री कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली; महाराष्ट्रात मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना २०२४ पासून राबविली जात आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असून ३, ५ व ७.५ अश्वशक्तीचे पंप दिले जातात. ५ अश्वशक्तीच्या पंपासाठी साधारणतः ४,८०० वॉटच्या सौर पाट्या लागतात, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांतून सुमारे २० युनिट वीज निर्माण होऊ शकते. पिकाला पाणी हवे असते तेव्हा ही वीज पंपाला जाते. परंतु पावसाळ्यात, कापणीच्या वेळी, विहिरीला पाणी नसताना किंवा दोन पाळ्यांमधल्या दिवसांत पाट्या उन्हात तशाच उभ्या असतात आणि त्या दिवसाची वीज कोणाच्याही उपयोगी पडत नाही. पंपाचा नियंत्रक उघाडीसारखा आहे. पाटीकडून पंपाकडे, एवढीच त्याची वाट.

हे पीक वाया जाऊ न देण्याचा एक मार्ग गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील ढुंडी येथील शेतकऱ्यांनी दाखविला. तेथील सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था स्थापून, सिंचनानंतर उरलेली वीज २०१६ पासून वीज कंपनीला विकण्यास प्रारंभ केला. कंपनीने दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे असा दर मान्य केला होता. या प्रयोगाचे महत्त्व केवळ मिळकतीत नाही. विकता येणाऱ्या विजेला मोल येते, आणि मग विनाकारण पाणी उपसण्याचा मोह आपोआप कमी होतो. भूजलाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे.

शेतावर वीज दोन्ही दिशांनी नेण्याचे प्रसंग वाढतच जाणार आहेत. ढगाळ दिवशी वाहिनीतून वीज घेऊन पंप चालवावयाचा आणि उन्हाच्या दिवशी उरलेली वीज वाहिनीला द्यावयाची. दुपारची वीज घटमालेत साठवून रात्री गोठ्याला व घराला पुरवावयाची. २०२५ साली ठाण्याच्या परिवहन कार्यालयात विजेवरील ट्रॅक्टरची नोंदणी झाली, तसा ट्रॅक्टर शेतावर आला तर त्याच्या घटमालेतील वीज मळणी यंत्राला द्यावयाची. ही सारी कामे दुतर्फा परिवर्तकाची आहेत.

आणि या प्रत्येक ठिकाणी दाबाचा पल्ला रुंद आहे. पाटी तापली की तिचा दाब दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उतरतो. वैशाखात पाटीचे तापमान ६५ अंशांच्या वर जाते, म्हणजे प्रमाण मानलेल्या २५ अंशांपेक्षा ४० अंशांनी अधिक, आणि दाब १२ ते १६ टक्क्यांनी खाली येतो. लोह-फॉस्फेट जातीच्या घटमालेतील एका घटाचा दाब रिकामा असताना २.५ व्होल्ट व भरलेला असताना ३.६५ व्होल्ट असतो. वाहिनीचा दाब नावाला ४१५ व्होल्ट असला तरी शेवटच्या खांबावरील विहिरीला तो किती मिळतो, हे ज्यांच्या मोटरी जळाल्या आहेत त्या शेतकऱ्यांना सांगावयास नको. अशा ठिकाणी उत्तम घटकेचा आकडा पाहून केलेली खरेदी फसवी ठरते.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा. दररोज २० युनिट वीज घटमालेत घातली व परत काढली, तर ती परिवर्तकातून दोनदा जाते. प्रत्येक वेळी ९७ टक्के वीज पुढे गेली तर १८.८ युनिट हाती येतात. प्रत्येक वेळी ९० टक्केच गेली तर १६.२ युनिट. घटमालेतील तोटा येथे धरलेला नाही. दिवसाला २.६ युनिटांचा हा फरक ३०० दिवसांत पावणे आठशे युनिटांच्या वर जातो. शिवाय वाया गेलेली वीज नाहीशी होत नाही; ती पेटीत उष्णता बनून राहते. विद्युत-अपघटनी धारित्राचे तापमान १० अंशांनी वाढले तर त्याचे आयुष्य निम्मे होते, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे अकार्यक्षम परिवर्तक आज वीज खातो आणि उद्या स्वतःच मोडून पडतो.

आक्षेपांचा विचार

दुतर्फा परिवर्तकावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते सर्वच निराधार नाहीत. पहिला आक्षेप किमतीचा. ज्या विहिरीजवळ वाहिनी नाही, घटमाला नाही आणि वर्षातील बहुतेक दिवस ठिबकाला पाणी द्यावे लागते, तेथे साधा एकतर्फी नियंत्रकच योग्य होय. तेथे दुतर्फा साधन गळ्यात बांधणे म्हणजे उधळपट्टी. जेथे वाहिनी आहे किंवा घटमाला घ्यावयाची आहे तेथे मात्र केवळ खरेदीची किंमत न पाहता पंधरा वर्षांचा एकूण खर्च पाहिला पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या योजनांत, जेथे कृषी वाहिन्यांसाठी उपकेंद्रांच्या परिसरात सौर प्रकल्प उभारले जातात, तेथे सामायिक घटमाला व एक मोठा परिवर्तक बसविणे हे प्रत्येक विहिरीवर लहान परिवर्तक बसविण्यापेक्षा अनेक ठिकाणी स्वस्त पडेल.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. वाहिनी बंद करून तारमार्ग कामगार खांबावर चढला आणि एखाद्या शेतातील परिवर्तक मागून वीज सोडीत राहिला, तर त्या कामगाराच्या जिवावर बेतेल. ही भीती रास्त आहे. म्हणूनच वाहिनी बंद होताच परिवर्तकाने आपणहून अलग झाले पाहिजे, अशी तरतूद केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत आहे. या अटीत कोठेही सवलत देऊ नये, आणि पेटी बसविताना ही परीक्षा गावकऱ्यांच्या समक्ष करून दाखवावी.

तिसरा आक्षेप दुरुस्तीचा. मोटर जळाली तर तालुक्याच्या गावी ती पुन्हा भरून मिळते. परिवर्तक बिघडला तर पेटी शहरात पाठवून महिनाभर वाट पाहावी लागते, आणि तोवर पीक वाळते. हा आक्षेप सर्वांत बळकट आहे. यास्तव औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या विषयाचे शिक्षण दिले जावे, सुटे भाग तालुक्यास उपलब्ध असावेत, आणि एक भाग बिघडला तरी बाकीच्यांवर काम चालू राहील अशा सुट्या संचांच्या परिवर्तकालाच पसंती द्यावी.

चोवीस आकड्यांचा तक्ता

एवढ्या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. परिवर्तकाची निवड एका आकड्यावर करण्याची पद्धत सोडून दिली पाहिजे. पुरवठादाराकडून कार्यक्षमता तीन दाबांवर, म्हणजे नीचतम, मध्यम व उच्चतम. चार भारांवर, म्हणजे १०, ३०, ५० व १०० टक्के. आणि दोन्ही दिशांनी मागवावी. तीन, चार व दोन यांचा गुणाकार चोवीस. एवढ्या चोवीस आकड्यांचा तक्ता प्रत्येक निविदेबरोबर सक्तीचा करावा. ही मागणी नवलाईची नव्हे. युरोपात सौर परिवर्तकांची तुलना पूर्वीपासून भारित सरासरीने केली जाते. तीत पूर्ण भारावरील कार्यक्षमतेला केवळ ०.२० आणि निम्म्या भारावरील कार्यक्षमतेला ०.४८ इतके महत्त्व दिलेले आहे, कारण यंत्र बहुतेक काळ पूर्ण भारावर चालत नाही. त्याच विचारात बदलता दाब व दोन दिशा यांची भर घालावयाची, इतकेच.

या तक्त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. एक, परिवर्तक ५० अंश सेल्सियस उष्णतेत, बंद पेटीत व धुळीत पूर्ण शक्तीने चालतो काय. वातानुकूलित प्रयोगशाळेतील आकडा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कामाचा नाही. दोन, काहीही काम नसताना तो स्वतः किती वीज खातो. केवळ २० वॉटची ही भूक वर्षभरात १७५ युनिटांची होते, आणि रात्री तर ती घटमालेतूनच भागविली जाते. शेतकरी बंधूंनीही पंप किंवा घटमाला घेताना विक्रेत्याला हेच प्रश्न विचारावेत. ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा माल तपासून घेतल्याशिवाय स्वीकारू नये. बियाणे घेताना उगवणशक्ती पाहिली जाते, खत घेताना नत्र-स्फुरदाचे प्रमाण पाहिले जाते. तशीच चौकसपणाची सवय विजेच्या पेटीबाबतही लागली पाहिजे.

त्याचप्रमाणे रेल्वेच्या अनुभवातून मिळालेला धडाही विसरू नये. गाडी दुतर्फा व उपकेंद्र एकतर्फी असले की वीज रोधकावर जळते. शेतावरील पेटी दुतर्फा बसविली, पण मीटर एकतर्फी राहिले, वाहिनी दिवसातून काही तासच चालू राहिली, किंवा परत दिलेल्या विजेचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर तोच प्रकार होईल. परिवर्तक, मीटर, वाहिनी व विजेचा दर या चारही कड्या एकाच वेळी दुतर्फा व्हावयास हव्यात. त्यांतील एकीचे काम पुढे ढकलून दुसरीवर पैसा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

मुंबई इलाख्यात १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला तेव्हा बांध व उघाडी यांची निगा कोणी व कशी राखावी याचा विचार करावा लागला होता. कारण एका ठिकाणची नादुरुस्त झडप साऱ्या शिवारातील भात बुडवीत असे. आज शेतात येणारे दार पाण्याचे नसून विजेचे आहे, परंतु न्याय तोच आहे. घणसोलीच्या फलाटावर थांबणारी प्रत्येक गाडी आपल्या वेगातील काही अंश वीज बनवून परत देते आणि मगच उभी राहते. ज्या शेतकऱ्याच्या शेतावर दिवसभर ऊन पडते, त्यालाही आपली उरलेली वीज परत देता आली पाहिजे आणि तिचे मोल घेता आले पाहिजे. त्यासाठी लागणारे ज्ञान व साहित्य देशात उपलब्ध आहे. योजना आखणाऱ्यांनी चोवीस आकडे मागावेत, आणि शेतकरी बंधूंनी ते वाचून पाहिल्याखेरीज पेटी आपल्या विहिरीवर बसवून घेऊ नये.